'चिंच' शब्दातले दोन 'च'

'चिंच' मोठ्यानं म्हणून पाहा. पहिल्या 'च'ला जीभ टाळूला भिडते, दुसऱ्याला पुढे सरकून दातांच्या मुळाशी जाते. अक्षर एकच, आवाज दोन. आपल्या हे ध्यानातही येत नाही. मजकूर वाचून दाखवणारा संगणक मात्र इथे पहिल्यांदा ठेचकाळतो. पुढे इ किंवा ए आला की 'च' तालव्य, म्हणजे टाळूला भिडणारा, हा नियम 'आमचा-आमची'पर्यंत छान चालतो. मग येतो 'चार'. 'चार माणसं'मधला 'चार' वेगळा, 'गुरांना चार'मधला वेगळा. लिखाणात काडीचा फरक नाही. शेजारचे शब्द बघूनच ठरवायचं.

'करवत' लिहायचं आणि 'कर्वत्' म्हणायचं, हा आपला दुसरा खोडसाळपणा. हल्ली असे नियम हातानं लिहून देण्यापेक्षा तासन्‌तास ध्वनिमुद्रणं ऐकवून यंत्राला शिकवतात. पण जो शब्द त्यात क्वचितच आला, त्याचा उच्चार बिघडलाच म्हणून समजा. आकड्यांचं दुखणं आणखी वेगळं. '१९४७' हे साल असेल तर 'एकोणीसशे सत्तेचाळीस', दूरध्वनी क्रमांकात असेल तर 'एक नऊ चार सात'. '२.५ तास' दिसलं की माणूस 'अडीच' म्हणतो, यंत्र 'दोन पॉइंट पाच'. चूक नाही, पण घरात असं कुणी बोलत नाही.

माणसाचं बोलणं ऐकून ते लिहून काढण्याचं काम यंत्राला याहून अवघड. मायक्रोफोनमधून आलेला आवाज बहुधा सेकंदाला १६,००० वेळा मोजतात. मग २५ मिलिसेकंदांची खिडकी दर वेळी १० मिलिसेकंद पुढे सरकवत, कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते पाहतात. सेकंदाचे असे साधारण शंभर काप. या कापांत शब्दांच्या मधली मोकळी जागा शोधायला जावं, तर ती तिथे नसतेच! बोलताना शब्द एकमेकांना चिकटून येतात. उलट खरी शांतता शब्दाच्या पोटात सापडते: 'पाटी' म्हणताना 'ट'च्या आधी आवाज क्षणभर पुरता बंद होतो. 'पाठी'तही होतो, फरक एवढाच की तिथे अडवलेली हवा सुटताना फुंकर जास्त वेळ टिकते. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनशाळेच्या 'ऑड्री' यंत्राला १९५२ साली एक-एक सुटा म्हटलेला आकडा तेवढा ओळखता येई, तो का, ते यावरून कळतं.

जुन्या पद्धतीच्या फोनवर तर साप आणि शाप एक होतात. 'स'चा बराचसा जोर ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो आणि ती लाइन ३,४०० च्या आसपासच आवाज कापते. तिथे यंत्र ऐकत नाही, वाक्यावरून अंदाज बांधतं. आपणही तेच करतो म्हणा.

चुका मोजण्याची रीतही मासलेवाईक आहे. बदललेले, गाळलेले आणि जादा घुसलेले शब्द मिळवायचे आणि मूळ शब्दसंख्येनं भागायचं. 'घरासमोर'चं 'घरा समोर' झालं तर एक शब्द बदलला, एक वाढला, म्हणजे एका शब्दात दोन चुका. बोलणारा 'केलं' म्हणाला आणि तपासनिसाच्या प्रतीत 'केले' असेल, तर बरोबर ऐकूनही यंत्र नापास.

सगळ्यात गंमत कुणीच बोलत नसताना होते. काही प्रणालींना समोर आवाज आला की वाक्य लिहायची इतकी सवय जडलेली असते, की नुसत्या पंख्याच्या घरघरीतूनही त्या एखादं व्याकरणशुद्ध वाक्य काढून देतात. म्हणून दाराशी आधी एक छोटा पहारेकरी बसवतात. आत आलेला आवाज माणसाचा आहे की नाही, एवढंच तो सांगतो. आणि हळू आवाजात बोलणाऱ्याच्या वाक्याचं पहिलं अक्षर हमखास खातो.