टेकवलेला पाय: अ‍ॅडम व्हिनाटिएरीची २४ वर्षं

अमेरिकन फुटबॉलमध्ये फील्ड गोल, म्हणजे जमिनीवर धरलेला चेंडू लाथेने दोन खांबांमधून पार करण्याची तीन गुणांची किक, मारताना हवेत झेपावणारा पाय सगळ्यांना दिसतो. नेम चुकला की चूक मात्र अनेकदा दुसऱ्या, जमिनीत रोवलेल्या पायाची असते. अ‍ॅडम व्हिनाटिएरी उजव्या पायाचा किकर. १९९६ ते २०१९ असे एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, २४ मोसम तो खेळला. ५९९ फील्ड गोल आणि २,६७३ गुण हे दोन्ही आकडे, तो थांबला तेव्हा, लीगच्या इतिहासातले सर्वाधिक होते. हे आकडे त्याच्या डाव्या पायावर उभे आहेत, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणेन.

आधी किक नेमकी कशी होते ते बघू. स्नॅपर वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. सात ते आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेला होल्डर तो झेलतो, टोकावर उभा करतो आणि एका बोटाने धरून ठेवतो. गोलपोस्ट एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागच्या कडेला असतात, म्हणजे आणखी १० यार्ड. त्यामुळे चेंडू ३० यार्डांच्या रेषेवर असेल तर किक ४७-४८ यार्डांची होते. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक अंथरल्या तरी वर तीन-चार यार्ड उरतात. आडवा दांडा १० फुटांवर, दोन खांबांमधलं अंतर १८ फूट ६ इंच. स्नॅपपासून पाय लागेपर्यंत सुमारे १.३ सेकंद मिळतात. त्याहून उशीर झाला की कडेने धावत येणारा बचावपटू हात घालतो.

चेंडूची लेस, म्हणजे वरची शिलाई, गोलपोस्टकडे हवी. ती किकरकडे राहिली तर पाय उंचवट्यावर बसतो आणि फटका बिघडतो. बाजूला राहिली तर चेंडू हवेत एका अंगाला सरकतो. चांगला स्नॅपर चेंडूचे फेरेसुद्धा मोजून टाकतो, म्हणजे होल्डरच्या हातात येतानाच लेस पुढे असते आणि चेंडू फिरवण्यात वेळ जात नाही.

आता किकर. बहुतेक जण चेंडूपासून तीन पावलं सरळ मागे आणि दोन पावलं बाजूला जाऊन उभे राहतात. वेगवान गोलंदाज रनअपची खूण करतो तशीच ही मोजणी, रोज तीच. शेवटच्या पावलाला डावा पाय चेंडूच्या बाजूला, साधारण फूटभर अंतरावर, पंजा लक्ष्याकडे रोखून टेकतो. तो फार पुढे पडला तर चेंडू खाली दबतो आणि समोरच्या हातांवर आदळतो. फार जवळ पडला तर उजव्या पायाला झोका घ्यायला जागा उरत नाही. उजव्या पायाचा घोटा ताठ, आणि संपर्क बोटांनी नाही तर पावलाच्या वरच्या हाडाने, चेंडूच्या मध्याच्या थोडा खाली. चेंडू कुठे गेला हे बघायला डोकं लवकर वर आलं की कंबर उघडते आणि चेंडू उजवीकडे सुटतो. शिकाऊ किकर सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

व्हिनाटिएरीचा जन्म १९७२ चा, साउथ डकोटातल्या यांक्टनचा. वाढला रॅपिड सिटीत, कॉलेज साउथ डकोटा स्टेट. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणी घेतलं नाही. मग तो व्हर्जिनियातल्या अ‍ॅबिंग्डनला डग ब्लेव्हिन्स यांच्याकडे गेला. ब्लेव्हिन्सना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. ते व्हीलचेअरवर बसून शिकवत, आणि त्यांनी स्वतः कधी किक मारलेली नव्हती. पावलांचं अंतर, कंबरेचा कोन, टेकणारा पाय, हे सगळं त्यांनी फक्त निरखून आत्मसात केलं होतं. किक हा ताकदीपेक्षा मोजमापाचा मामला आहे याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. तिथून १९९६ मध्ये युरोपातला अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्स संघ आणि त्याच वर्षी एनएफएलमधला न्यू इंग्लंड पॅट्रिअट्स, तेही अनुभवी किकर मॅट बारला मागे टाकून. पहिल्या मोसमात ३५ पैकी २७ फील्ड गोल. त्याच मोसमात डॅलसच्या हर्शेल वॉकरला, तेही किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना समोरच्या संघाकडे मारलेला, चेंडू घेऊन सुसाट सुटलेल्या वॉकरला, त्याने मागून धावत गाठून पाडलं. प्रशिक्षक बिल पार्सेल्सनी त्याला त्यानंतर नुसता किकर म्हणून पाहिलं नाही.

१९ जानेवारी २००२, पॅट्रिअट्सचं घरचं मैदान फॉक्सबरो, रेडर्सविरुद्ध प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा सामना. मैदानावर बर्फाचा थर आणि वरून पडतंच आहे. पॅट्रिअट्स तीन गुणांनी मागे, खेळ थांबवायला टाइमआउट शिल्लक नाही, म्हणजे चेंडू ठेवायची जागा साफ करायलाही वेळ नाही. अंतर ४५ यार्ड. एरवीसारखा जोरात रनअप घेतला तर डावा पाय घसरणार हे उघड होतं. त्याने पावलं आखूड केली, वेग कमी ठेवला आणि तळवा सपाट टेकवला. झोका लहान झाल्यामुळे चेंडू उंच गेला नाही. तो जमिनीला जवळजवळ समांतर, खालूनच गेला आणि दांड्यावरून जेमतेम पार झाला. बरोबरी झाली, २७ सेकंद उरले होते. जादा वेळेत २३ यार्डांची किक आली तेव्हा मात्र स्नॅपर लोनी पॅक्स्टन, होल्डर केन वॉल्टर आणि तो स्वतः बर्फ बाजूला सारताना दिसतात. १६-१३. थंडीत चेंडूतली हवा आकसते, तो दगडासारखा लागतो आणि कमी उडतो. त्यामुळे ती ४५ यार्डांची किक मला या खेळातली सर्वांत अवघड किक वाटते. दोन आठवड्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या छताखाली त्याने सेंट लुइस रॅम्सविरुद्ध शेवटच्या क्षणाला ४८ यार्डांवरून मारून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला, २०-१७. तीच तर तुलनेने सोपी म्हणावी लागेल: कोरडी जमीन, वारा नाही.

साखळीतली एक कडी सैल झाली की काय होतं ते दोन वर्षांनी ह्यूस्टनच्या सुपर बोलमध्ये दिसलं. पॅक्स्टन जखमी, म्हणून स्नॅपर ब्रायन किंचनला बोलावलं होतं. तो तीन वर्षं खेळाबाहेर होता आणि बॅटन रूजच्या एका शाळेत सातवीच्या मुलांना बायबल शिकवत होता. सरावात त्याचे स्नॅप बिघडत होते, त्यात सामन्याच्या दिवशी जेवताना सुरीने बोट कापलं. व्हिनाटिएरीची एक किक बाहेर गेली, दुसरी अडवली गेली. बरोबरीचा गुणफलक, शेवटचे काही सेकंद, ४१ यार्ड. या वेळी स्नॅप नीट आला. चार सेकंद बाकी असताना ३२-२९.

२००६ मध्ये तो इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला, किकर माइक व्हँडरजॅटच्या जागी. जानेवारी २००७ मध्ये बाल्टिमोरला कोल्ट्स १५-६ जिंकले. ते सगळे १५ गुण त्याच्या पाच किकचे. महिनाभरात चौथा सुपर बोल. पुढे व्हँडरजॅटचाच सलग ४२ फील्ड गोलचा विक्रम त्याने २०१६ मध्ये मोडला आणि ४४ पर्यंत नेला. २०१४ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, ३१ पैकी ३०. या वयात पाय पूर्वीइतका लांब मारत नाही, पण अचूक मारतो, कारण पावलांचं गणित पक्कं झालेलं असतं. पण त्या गणिताला डावा गुडघा साथ देणारा हवा. प्रत्येक किकला धावत्या शरीराचा सगळा भार एका क्षणात त्यावर येतो.

२०१९ मध्ये तोच गुडघा गेला. फील्ड गोल २५ पैकी १७. टचडाउननंतर, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेल्यावर, मिळणारी एका गुणाची किक २०१५ पासून मागे नेऊन ३३ यार्डांची केली होती, तिच्यात २८ पैकी २२. ज्याच्या हातून वर्षभरात एखादी सुटायची, त्याच्या सहा सुटल्या. चित्रफितीत उजवा पाय पूर्वीसारखाच फिरताना दिसतो, डावा मात्र टेकल्यावर स्थिर राहत नाही. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा खेळला नाही.

निवृत्ती त्याने मे २०२१ मध्ये जाहीर केली, पॅट मॅकफीच्या कार्यक्रमात. मॅकफी म्हणजे कोल्ट्सचा माजी पंटर (हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब मारणारा), ज्याने वर्षानुवर्षं एका गुडघ्यावर बसून त्याच्यासाठी चेंडू धरला होता.