एक नंबर कुणाला देताय?

परवा बाररूममध्ये चहा घेताना माझ्या ज्युनियरने सरळच विचारलं, "मॅडम, बार कौन्सिलला मत देऊन आपल्याला काय मिळतं?" ही पोरगी रोज पिंपळगाव बसवंतहून एसटीने येते, नाशिकला सीबीएस बसस्थानकावर उतरते आणि साडेदहाच्या आत फायली लावून बोर्डावर आमचा नंबर कितवा ते बघून ठेवते. उत्तर द्यायला मला जरा जड गेलं, कारण महाराष्ट्र-गोव्याच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांनीच निवडून दिलेल्या वकिलांच्या संस्थेच्या, 2018च्या निवडणुकीत मी स्वतःच मत दिलं नव्हतं. त्या दिवशी निफाडला तारीख होती, उलटतपास लांबला, नाशिकला पोचेपर्यंत उशीर झालेला, रांग बघितली आणि घरी गेले. महाराष्ट्र-गोव्यातले एवढे वकील, त्यात माझ्या एकटीच्या मताने काय अडतंय, असं वाटलं. ते चुकलंच, आणि किती चुकलं ते मोजणी कशी होते हे समजल्यावर कळलं.

आपल्या कौन्सिलवर 25 जण निवडून जातात आणि मतदान पसंतीक्रमाने होतं, शिक्का नाही, फुली नाही, नावापुढे 1, 2, 3 असे आकडे टाकायचे. आता कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, बघा. एकूण वैध मतांना 26ने, म्हणजे जागांपेक्षा एक जास्तने, भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. समजा 52,000 मतं वैध ठरली तर 2,001 मतांना माणूस निवडून आला, म्हणजे चार टक्केसुद्धा लागत नाहीत! एखाद्याला कोट्यापेक्षा जास्त मतं पडली तर वरची मतं पुढच्या पसंतीला जातात, तळाचा उमेदवार बाद झाला तर त्याचीही जातात, म्हणून कमी चर्चेतल्या पण चांगल्या माणसाला 1 दिला तरी मत फुकट जात नाही, फक्त पुढचे आकडे टाकलेले हवेत. आणि 1 टाकलाच नाही किंवा दोघांपुढे टाकला तर अख्खी मतपत्रिका बाद. मालेगाव, निफाड, येवला, सिन्नर, दिंडोरीचे वकील मतदानाच्या दिवशी कोर्ट सुटल्यावर तसेच घरी गेले तर हा चार टक्क्यांचा हिशोब दुसरं कुणीतरी जुळवतं.

बरं, हे 25 जण करतात काय? सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, त्यांच्याकडून मिळते, वकिलाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार आली तर ती त्यांच्याच शिस्तपालन समितीपुढे चालते, ती समिती तिघांची आणि त्यातले दोघे कौन्सिलचेच सदस्य. समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंतचे अधिकार आहेत त्यांना. म्हणजे उद्या माझ्यावर खोटी तक्रार झाली किंवा एखाद्या पक्षकाराची खरी तक्रार असली तर समोर कोण बसलेलं असणार, हे आपण त्या एका दिवशी ठरवतो.

फीचंच घ्या. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये नोंदणीची फी सगळी मिळून 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. पण देशभरात राज्य बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये घेत होत्या, आणि 30 जुलै 2024ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. निकाल पुढच्यांसाठी, आधी भरलेले परत नाहीत. मला टोचतं ते हे की ज्यांनी ती फी ठरवली ते आपल्याच मतांवर, किंवा आपण घरी बसलो म्हणून, तिथे बसलेले होते.

आणि ज्युनियरचा स्टायपेंड! ऑक्टोबर 2024मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने सुचवलं की शहरात महिन्याला किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत. सुचवलंय फक्त, सक्ती नाही. मी स्वतः अजून तेवढे देऊ शकत नाही, जे देते त्यातले बरेच तिच्या एसटीत आणि डब्यात जातात हे मला दिसतं. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारणार आहे की ज्युनियरसाठी कौन्सिलने पैसा कुठून उभा करायचा ते सांगा, नुसतं "करू ताई, बघू" नको.

पण येणारा काय करतो, तर हातात चिठ्ठी ठेवतो. नावं आणि पुढे आकडे छापलेले, काळ्या कोटाच्या खिशात मावेल एवढी. सीनियर साहेबांनी सांगितलं म्हणून तीच चिठ्ठी उतरवून काढणारे खूप आहेत. साहेबांचा मान आहेच, राहणारच, पण 1 आपल्या मनाने टाकावा असं मला फार वाटतं. ज्युनियरला हेही सांगितलं की कायद्यात निवडून येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनाच दहा वर्षांच्या वकिलीची अट आहे, बाकीच्यांना नाही, म्हणजे ही जागा फक्त पिकल्या केसांची नाही.

ती म्हणाली, "मग माझं नाव मतदार यादीत आहे का ते आधी बघू या." बसलो दोघी. तिचं नाव, पत्ता सगळं बरोबर. माझा पत्ता मात्र अजून पंचवटीचाच, इंदिरानगरला येऊन सहा वर्षं झाली तरी मीच कधी कळवलं नव्हतं. तिने फायलीतून कोरा कागद काढला आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला, मी पत्ता सांगत गेले.