सँड प्लोव्हरचा गुंता, नोंद चौथी : भरतीची वाट पाहणे

हा ग्रेटर सँड प्लोव्हर की लेसर, असे मागच्या दोन नोंदींत ज्या पक्ष्याच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवून थांबलो होतो, ते प्रश्नचिन्ह माघ वद्य द्वितीयेच्या दुपारी नेरुळच्या टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर पुसले गेले. ग्रेटर आणि लेसर हे चिखल्यांच्या कुळातले, हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारे दोन सारखे दिसणारे पक्षी एकाच बांधावर, एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकाच दिशेला तोंड करून उभे राहिलेले मी सुमारे पंधरा मिनिटे पाहिले. छत्रपती संभाजीनगरहून तीन रात्रींचे रेल्वेचे जागरण, स्कोपला फोन जोडायचा एक मोडका अ‍ॅडाप्टर आणि घरच्यांचे टोमणे एवढ्या भांडवलावर हा पक्षी मिळाला असल्यामुळे ही नोंद थोडी लांबेल, याची कल्पना आधीच देऊन ठेवतो.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना मूळ अडचण ठाऊक आहे. नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या काठी, वाढलेल्या आमच्यासारख्यांना पट्टेरी राजहंस, चक्रवाक, शेकाट्या, छोटा कंठेरी चिखल्या हे घरचे पक्षी. पण हिवाळी पिसाऱ्यातले, राखी-तपकिरी पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे हे दोन सँड प्लोव्हर म्हणजे परका इलाखा. पुस्तकात लेसरची लांबी १९ ते २१ सेंटिमीटर आणि ग्रेटरची २२ ते २५ सेंटिमीटर अशी दिलेली असते. कागदावर हा फरक पुरेसा वाटतो. चिखलात एकटा उभा असलेला पक्षी मात्र स्वतःची लांबी सांगत नाही, आणि तीनशे मीटरवरून पाहताना दोन-तीन सेंटिमीटरचा हिशेब करणे म्हणजे पैठणच्या घाटावर उभे राहून पलीकडच्या काठावरच्या माणसाची उंची सांगण्यासारखे आहे. त्यात २०२३ मध्ये ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने लेसरचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन वेगळे पक्षी केले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे तिबेटन असल्यामुळे ठाणे खाडीपुरता त्रास वाढला नाही. मी सवयीने लेसरच म्हणतो.

पहिली फेरी मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीची, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने. ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे राज्यातले तिसरे रामसर स्थळ. रोहित पाहण्यासाठी बोट उत्तम आहे. छोटा आणि मोठा रोहित शेजारी शेजारी चिखल गाळत असताना पंचवीस-तीस मीटरवरून दिसतात, आणि छोट्याची गर्द, काळपट लाल चोच दुर्बिणीशिवायही कळते. सँड प्लोव्हरसाठी मात्र बोट हे चुकीचे साधन आहे, हे मी दुसऱ्या नोंदीत लिहिलेच होते. बोटीत स्कोप, म्हणजे तिपायीवरची मोठी एकनळी दुर्बीण, लावणे म्हणजे निव्वळ हौस. साठपट सोडाच, वीसपटलाही चित्र नाचते. तिथे ८×४२ ची दुर्बीण पुरे. १०×४२ घेऊन गेलेल्या माझ्या मित्राने परतीच्या वाटेवर माझीच मागून घेतली.

त्या फेरीतली खरी कमाई पक्ष्याची नव्हती. बोट चालवणाऱ्या नाखव्याला मी भरतीचे तक्ते कुठे मिळतात असे विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "दादा, तिथी माहीत आहे ना? तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती." म्हणजे अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. द्वितीयेला दीड. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, याच गोष्टीचा हा घरगुती हिशेब आहे. तक्त्यातली वेळ खाडीच्या तोंडाकडची असते आणि पाणी आत पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, एवढी दुरुस्ती करून घेतली की हे गणित आमच्यासारख्या हौशी माणसाला पुरते. आमच्याकडे पंचांग भिंतीवर टांगलेलेच असते. आईने एकादशी सांगितली की मी मनात सव्वाआठ म्हणतो, आणि ती माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहते.

हे सूत्र हाती असूनही दुसरी फेरी मी स्वतःच्या हाताने बुडवली, आणि तिचा तपशील मागच्या नोंदीत रागाच्या भरात अर्धवट लिहिला गेला म्हणून इथे पूर्ण करतो. पौषातल्या तृतीयेला भरती सव्वादोनची, म्हणजे ओहोटी सकाळी आठची. मी विचार केला तो धरणकाठच्या माणसाचा. नाथसागरात पावसाळ्यानंतर १५२२ फुटांपर्यंत भरलेले पाणी उन्हाळ्याकडे हळूहळू उतरते, काठाला चिखल उघडा पडतो आणि टिलवे, तुतारी, चिखल्या त्या चिखलावर येतात. तेव्हा पाणी जितके कमी तितके पक्षी जास्त, हे आमच्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणून परवानगी काढून भांडुपच्या बाजूच्या खाडीकाठी मी बरोबर ओहोटीला, आठ वाजता, स्कोप लावून उभा राहिलो. तृतीया म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी जसे चढते तसेच दूर ओसरते. समोर नजर पोहोचेल तिथवर चिखल, आणि त्या चिखलाच्या पलीकडच्या कडेला, तीनशे-चारशे मीटरवर, तिळासारखे विखुरलेले पक्षी. साडेनऊनंतर ऊन तापले, चिखलावरची हवा थरथरू लागली आणि स्कोपमध्ये प्रत्येक प्लोव्हरला चार पाय दिसू लागले. साडेदहाला कंटाळून मी सामान आवरले. पाणी परत फिरून पक्ष्यांना काठाकडे ढकलू लागण्याची ती वेळ होती, हे मला घरी आल्यावर कळले.

त्याच सकाळी अ‍ॅडाप्टरने दगा दिला. ऑनलाइन मागवलेल्या त्या फोन-अ‍ॅडाप्टरची कडी आयपीसवर, म्हणजे स्कोपच्या डोळा लावायच्या भिंगावर, घट्ट बसतच नव्हती, आणि विक्रेत्याचे उत्तर असे की "सगळ्या स्कोपना बसतो". सगळ्यांना बसणारी वस्तू कोणालाच नीट बसत नाही, असे माझे मत झाले आहे. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची पट्टी कापून कडीच्या आतून चिकटवली आणि आता ती हलत नाही. हलक्या ट्रायपॉडबद्दलही एक सूचना: मधला दांडा वर न काढता त्याला पाण्याची बाटली भरलेली पिशवी टांगा, खाडीवरच्या वाऱ्यात फरक लगेच जाणवेल.

दुसऱ्या फेरीत काहीच पाहिले नाही असेही नाही. सकाळी तिवरांच्या कडेने एक कोल्हा चिखलातून पाय उचलत-उचलत गेला. शहराच्या मधोमध, मागे उंच इमारती असताना, तो आमच्या माळावरच्या कोल्ह्यापेक्षा जास्त निवांत होता. आणि निवट्या. पायाजवळच्या ओल्या चिखलात एक निवटी परांवर रेटा देत पुढे सरकली, डोक्यावरचे दोन्ही डोळे आत ओढून पुन्हा बाहेर काढले, पाठीवरचा पर छत्रीसारखा उभारला आणि शेजारच्या निवटीवर धावून गेली. पाण्याबाहेर भांडणारा मासा पहिल्यांदा पाहणाऱ्याने प्लोव्हर काही काळ विसरणे क्षम्य मानावे.

आता तिसरी फेरी. या वेळी बेत उलटा केला. पक्ष्यांच्या मागे चिखलात जायचे नाही, चिखल बुडाला की ते जिथे येऊन थांबतात तिथे आधी जाऊन बसायचे. उधाणाच्या भरतीत खाडीतले उघडे मैदान पाण्याखाली जाते, तेव्हा रोहित आणि वेडर, म्हणजे चिखलात चरणारे पाणपक्षी, काठाच्या आतल्या पाणथळींवर येऊन पाणी उतरेपर्यंत विश्रांती घेतात. नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींचे महत्त्व त्यातच आहे. त्या गेल्या तर अभयारण्याची हद्द कागदावर शाबूत राहील आणि दोन्ही वेळच्या भरतीला पक्ष्यांना टेकायला जागा राहणार नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना हे जुनेच असेल. मला ते समजायला तीन महिने लागले.

वद्य द्वितीयेचे पाऊणपट दीड. देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरून, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने सीवूड्स-दारावे गाठले आणि साडेदहाला जागेवर बसलो. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू निवडली. पहिला तासभर तिथे शेकाट्या, एक समुद्र बगळा आणि तिवरावर बसलेला काळ्या टोपीचा खंड्या यांच्याशिवाय काही नव्हते, आणि बेत पुन्हा फसला असे वाटू लागले. पावणेबाराला खाडीकडून पहिला रोहितांचा थवा डोक्यावरून आला. माना ताणलेल्या, पंखांखालची लाल-काळी झाक, आणि बदकांसारखा घोगरा कलकलाट. त्यांच्या मागोमाग काळ्या शेपटीचे पाणटिवळे, मग बाकचोच तुतारी आणि छोट्या टिलव्यांचे पुंजके, आणि साडेबाराच्या सुमारास, माझ्यासमोर जेमतेम चाळीस मीटरवरच्या मातीच्या बांधावर, साठ-सत्तर सँड प्लोव्हर धपाधप उतरले. जागा अपुरी असल्यामुळे ते दाटीवाटीने, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

तीन महिने हवी असलेली मोजपट्टी त्या दाटीनेच मिळवून दिली. सगळे सारख्या उंचीचे, आणि मध्येच दोन डोकी वर निघालेली. ते दोघे केवळ मोठे नव्हते, त्यांची ठेवणच वेगळी होती: पाय लांब आणि हिरवट-राखी, डोके जड, कपाळ उतरते, आणि चोच अशी की चेहऱ्याला ती जरा जास्तच झाली आहे. शेजारच्या लेसरचे पाय गडद, डोके गोल, चोच आखूड आणि बोथट. एकदा शेजारी शेजारी पाहिल्यावर जिझ, म्हणजे पक्ष्याची एकूण ठेवण, काय असते ते कळते. वर्णन वाचून कळत नाही.

तरीही डोळ्यावर विश्वास न ठेवता घरी येऊन मोजमाप केले, कारण मागच्या वेळी माझी अशीच फजिती झाली होती. नियम ठाऊक असेल: चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याची चोचीच्या लांबीशी तुलना करायची. ग्रेटरची चोच या अंतरापेक्षा जास्त भरते, लेसरची डोळ्याच्या मध्याच्या आसपास संपते. यात एक खोच आहे आणि ती पुस्तकात ठळक लिहिलेली नसते. डोके जरासे जरी आपल्याकडे किंवा पलीकडे वळलेले असले तरी चोच आखूड दिसते आणि गणित बिघडते. माझ्या एकतीस छायाचित्रांपैकी डोके अगदी बाजूने आलेली फक्त सात निघाली. लॅपटॉपच्या पडद्यावर साधी पट्टी ठेवून ती मोजली: दोन्ही मोठ्या पक्ष्यांची चोच डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे गेली, आणि पाचही लेसरची अलीकडेच राहिली. मागच्या नोंदीतल्या ज्या छायाचित्रावर आपण एवढा वाद घातला, त्यातला पक्षी आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्यावरून काहीही ठरत नाही, ते आता बाजूला ठेवू.

दीडनंतर एक भोवत्या, हा शिकारी पक्षी, पाणथळीवरून गेला आणि सगळा बांध एकदम उडाला. उडताना मोठ्यांपैकी एकाचे पाय शेपटीच्या बाहेर डोकावताना मला स्पष्ट दिसले. छायाचित्र नाही, त्यामुळे तो पुरावा म्हणून देत नाही.

पट्टी हातात आल्यावर एक वेगळाच विचार सुचला आणि ही नोंद लिहिता लिहिताच तो तपासून पाहिला. दोन वर्षांपूर्वी नाथसागराच्या काठी टिपलेला, यादीत 'लेसर सँड प्लोव्हर' म्हणून चढवलेला आणि इथे सगळ्यांकडून शाबासकी घेतलेला तो पक्षी. छायाचित्र मोठे करून पाहिले. चोच बारीक आणि काळी, मानेमागे पांढरी कडी अर्धवट लपलेली, छातीवरचा डाग बाजूलाच. तो केंटिश प्लोव्हर आहे, आपल्याकडे हिवाळ्यात नेमाने दिसणारा. मान आखडून उभा असल्यामुळे कडी लपली आणि माझ्या उत्साहाने उरलेले काम केले. रात्री ती नोंद दुरुस्त केली.

पुढचा बेत नाथषष्ठीच्या सुट्टीत ठरवला होता, पण षष्ठीचे पाऊणपट साडेचार, भरती भांगाकडे, म्हणजे कमी चढणाऱ्या पाण्याकडे, झुकलेली आणि चिखल पुरता बुडणार नाही. शिवाय त्या दिवसांत पैठणकडचे पाहुणे घरी असताना पक्षी पाहायला निघणे मला शक्य नाही. त्यानंतरचा पाडवा भरतीच्या दृष्टीने नामी, पाऊण वाजताचा, पण गुढी उभारून लगेच स्टेशन गाठायचे धाडस माझ्यात नाही. तेव्हा फाल्गुन अमावास्या ठरली. तोवर लेसरच्या छातीवर तांबूस पट्टा चढू लागलेला असेल, आणि ग्रेटर निघून गेलेले नसतील तर दोघांचे बदलते पिसारे एकाच बांधावर मिळतील. स्कोप घेऊन येणाऱ्यांनी कळवावे. रबरी पट्टीची एक जास्तीची जोडी मी कापून ठेवली आहे.