मॅनरिंगची बायको

जुन्या लाडक्या मालिकेवर सिनेमा येतोय म्हटलं की लोक मार्क द्यायच्या तयारीनेच थेटरात शिरतात. 2016 च्या फेब्रुवारीत इकडे इंग्लंडात 'डॅड्स आर्मी'चा सिनेमा आला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी नुसत्या ट्रेलरवरच निकाल लावून टाकला होता. कशाला हात लावायचा चांगल्या गोष्टीला, एवढंच म्हणणं. आणि असं म्हणणारे सगळे तिकीट काढून गेलेच, ते सोडा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आलेच तर अडवायला म्हणून इथे गावोगावी होमगार्ड उभे केले होते, म्हातारे, पोरंसोरं, फौजेत घेतले नाहीत असे सगळे. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावातल्या अशा एका पलटणीची ही गोष्ट. कॅप्टन मॅनरिंग म्हणजे बँकेचा मॅनेजर, बुटका आणि अंगात भारी ऐट, त्याचा सार्जंट विल्सन बँकेतही त्याच्याच हाताखाली, पण घराणं वरचं आणि बोलणं लोण्यासारखं, त्यामुळे साहेबांचा कायम जळफळाट. शिवाय मटणवाला जोन्स, सारखी बाथरूमला जायची परवानगी मागणारे गॉडफ्री आजोबा आणि आईने मफलर गुंडाळून पाठवलेला पाइक. 1968 ते 1977, एकूण 80 भाग, आणि नंतर वर्षानुवर्षं बीबीसीवर रिपीट. लोकांना ती पाठ आहे, आपल्याकडे पुलंची कॅसेट पाठ असते ना, डिट्टो तशी.

आम्ही दुपारच्या शोला गेलो, पेन्शनर मंडळींना स्वस्त तिकीट आणि वर चहा-बिस्किट असा तो शो, त्यामुळे हॉलमध्ये सरासरी वय सत्तरच्या पुढेच असणार. माझ्या मागच्या रांगेत एक आजीबाई होत्या, त्या प्रत्येक ठेवणीतलं वाक्य पडद्यावरच्या माणसाच्या आधी म्हणायच्या. "डोन्ट पॅनिक!" यांनी आधी म्हटलं, मग जोन्सने. आणि गंमत म्हणजे वाक्य आलं की लोक हसायचे पण ते हसणं ओळख पटल्याचं होतं, हजेरी घेताना नाव आलं की पोरं 'हजर' म्हणतात तेवढंच. नवीन विनोदाला मात्र शांतता, बिस्किटांच्या पुड्यांचा आवाज ऐकू यावा इतकी.

नटांचा काही दोष नाही हं. टोबी जोन्सचा मॅनरिंग मला तरी आवडला, बिल नायीला तर विल्सन करायला काही करावंच लागलं नसेल. पण एक गोष्ट बघताना सारखी खटकत होती आणि कारण घरी आल्यावर लक्षात आलं. मालिकेतला म्हातारा जोन्स करणारा क्लाइव्ह डन सुरुवातीला जेमतेम 48 वर्षांचा होता, केस पांढरे करून, पाठीत वाकून तो पडायचा, धडपडायचा, झाडावर लटकायचा, आणि आपण बिनधास्त हसायचो कारण आत तरणा गडी आहे हे दिसायचं. सिनेमातला टॉम कोर्टनी खरोखरचा 75 ओलांडलेला. तो पळायला लागला की हसू येण्याआधी काळजीच वाटते, अहो सांभाळून, गुडघे! नट ग्रेट आहे, पण पडण्याच्या विनोदाला खरं वय चालत नाही.

बरं, मूळ मालिका लागली तेव्हा बघणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतः होमगार्डात असतील. लेखकांपैकी जिमी पेरी तर पोरसवदा वयात होताच. गॉडफ्री करणारा आर्नल्ड रिडली पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत जखमी झालेला माणूस. म्हणजे तेव्हा लोक युद्ध आठवून हसत होते. 2016 मध्ये आम्ही मालिका आठवून हसत होतो. आठवणीची झेरॉक्स काढली की थोडी फिकट येणारच.

हॉलमध्ये खरी कुजबुज एकदाच झाली, ब्रिगेडियरच्या वेशात इयन लॅव्हेंडर आला तेव्हा. मालिकेतला पाइक! ज्याला मॅनरिंग जन्मभर "स्टुपिड बॉय" म्हणत आला तो पोरगा आता पांढऱ्या केसांचा साहेब होऊन उभा. मागच्या आजी चक्क "आला गं बाई" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि दोनचार जणांनी टाळ्यापण वाजवल्या.

पण माझी खरी तक्रार मॅनरिंगच्या बायकोबद्दल आहे. 80 भागांत एलिझाबेथ मॅनरिंग एकदाही धड दिसत नाही. नवरा फोनवर तिच्याशी बोलताना आवाज खाली आणतो, पार्टीला ती ऐनवेळी येत नाही, फार फार तर एका भागात वरच्या बंकवर ती झोपलीय म्हणून गादीला आलेला झोळ खालच्या बंकवर पडलेल्या नवऱ्याच्या तोंडावर येतो, बास. प्रत्येकाने आपापली बाई मनात तयार केलेली. सिनेमाने तिला दाखवली, तीही खमकी, युनिफॉर्ममधली, बायकांच्या तुकडीची पुढारी. फेलिसिटी मॉन्टागूने काम झकास केलंय, तरी माझ्या शेजारच्या काकांनी "नो, नो" करत मान हलवली ती बराच वेळ थांबलीच नाही. तेच जर्मनांचं. मालिकेत अख्खं गाव स्वारीची वाट बघतं आणि स्वारी काही येत नाही, आली तर एखादी पाणबुडीवाल्यांची तुकडी चुकूनमाकून, त्यातच सगळी मजा, बाकी दिवस या लोकांची भांडणं आपसातच. सिनेमाला दीड तास भरायचे, मग गुप्तहेर बाई आणा, शेवटी किनाऱ्यावर खरीखुरी चकमक लावा. आलं सगळं, पण ज्यांचं न येणं हाच जोक होता ते आल्यावर हसायचं कशाला?

चेहरे बदलले म्हणून लोक रुसतात हे मला तितकंसं पटत नाही. आपल्या चिमणरावाचंच बघा, दूरदर्शनवरच्या दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वेंशिवाय चिमणराव-गुंड्याभाऊ आपल्या पिढीला सुचतच नाहीत, पण त्यांच्याआधी 1940 च्या 'लग्न पहावं करून'मध्ये दामूअण्णा मालवणकर चिमणराव होऊन गेलेच होते. आणि डॅड्स आर्मीचंही 2019 मध्ये वेगळं काहीतरी झालं, बीबीसीने पुसून टाकलेल्या तीन भागांची स्क्रिप्टं शिल्लक होती ती घेऊन, नवे नट उभे करून 'गोल्ड' चॅनेलने ते भाग पुन्हा चित्रित केले. अर्ध्या तासाचा भाग अर्ध्या तासातच. केव्हिन मॅकनलीला मॅनरिंग म्हणून बघताना पहिली पाच मिनिटं डोळे किलकिले केले, मग विसरलो आणि हसत सुटलो.

बायकोचं मत मात्र वेगळं आहे. तिला सिनेमाच फुल पैसा वसूल वाटला, कॅथरिन झीटा-जोन्स काय दिसलीय म्हणे, आणि ती मॅनरिंगची बायको तर सगळ्यात बेस्ट. तिने मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता.