आमची वाटचाल : पॅड, पॉलिश आणि समोरचं दुकान

कोल्हापुरात गाडीला 'रबिंग मारणं' आमच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. डेंटिंग-पेंटिंगचं काम संपलं की अँगल ग्राइंडरला लोकरीची टोपी अडकवायची, कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी पेस्ट, फासायचं आणि चकाचक करून गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. पॉलिशिंगच्या रोटरीला, म्हणजे एकाच जागी गोल फिरणाऱ्या मशिनला, कापायच्या (ओरखडे घासून काढायच्या) कामातसुद्धा दीड हजार फेरे पुरतात. रंगाचं काय होत असेल, ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

२०१४ साली शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये गाड्या पॉलिश करायला आम्ही दोघांनी सुरुवात केली, मी आणि मामा. मामा नात्यातले नव्हेत. जुने पेंटर, सगळं उद्यमनगर त्यांना मामाच म्हणतं. भांडवल माझं, हात त्यांचा. पॅनेलच्या कडेला आणि बॉडीलाइनवर रंग सगळ्यात पातळ असतो, म्हणून मशिन हातात घेण्याआधी ते प्रत्येक कडेला मास्किंग टेप लावायचे. पोरं कंटाळायची. "टेप अर्ध्या तासाची, पेंट आठ दिवसाचा, काय करायचं ते तूच ठरव," एवढंच म्हणायचे.

मधली वर्षं बरी गेली. २०१९ च्या महापुरानंतर चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती, तेवढी लक्षात आहे.

मग रस्त्यापलीकडं काचेचं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, उद्यमनगरात सगळ्यांना माहीत आहे. आत एलईडीच्या षटकोनी लाइटी, बाहेर 'नऊ एच सिरॅमिक कोटिंग'चा (रंगावर मारायच्या कडक पारदर्शक थराचा) फ्लेक्स आणि दर आमच्या निम्मा. नऊ एच म्हणजे पेन्सिलीच्या शिसाचा कठीणपणा! त्या मोजपट्टीवर सगळ्यात कडक पेन्सिल नऊ एच. फ्लेक्सवर मात्र हिरा छापलेला. आमची दोन तयार पोरं त्यांनी फोडली, तेही सोसलं. पण "समोरचे पॉलिश करत नाहीत, रंग सोलतात" असं ते गिऱ्हाइकाला सांगायला लागले आणि आमच्या शेडमध्ये गाडी येईना. दोन दिवाळ्या अशा गेल्या की भाडं थकलं. एक मशिन विकलं.

तिथं काय चालायचं ते ऐका. रोटरीला लोकरीचा पॅड, तोच पॅड सकाळपासून रात्रीपर्यंत, चार गाड्यांना. वरून भरपूर तेलाचं ग्लेझ. ग्लेझ ओरखड्यांत भरून बसतं, गाडी लाइटीखाली झकास दिसते. दोन-तीन वॉशिंगमध्ये ते उतरलं की उन्हात बॉनेटवर रोटरीचे पट्टे नाचायला लागतात, त्याला आम्ही होलोग्राम म्हणतो. आणि ग्लेझ न पुसता वर मारलेलं कोटिंग रंगाला धरत नाही. पॉलिश झाल्यावर आयपीए (तेल काढणारं अल्कोहोल) मारून पॅनेल कोरडं करा, मग बघा. जे दिसेल तेच खरं काम.

लोकरीला मी नावं ठेवत नाही. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरचे ओरखडे काढायला लोकरच लागते. ती कापते भराभर आणि फोमपेक्षा थंड चालते. पण लोकरीवर काम संपवायचं नसतं. तिच्यामागून डीए मशिनवर (फिरता फिरता हलणारं, रोटरीपेक्षा सौम्य) मध्यम फोम, आणि रंग मऊ किंवा काळा असेल तर आणखी एक मऊ फोम. मायक्रोफायबरचा पॅडही डीएवर चांगला कापतो, मात्र मऊ रंगावर धुरकटपणा सोडतो.

नवी पोरं पॅडचा रंग बघून कडक-मऊ ठरवतात. असं करू नका. रुपेस कंपनीचा पिवळा फोम फिनिशिंगकडं जाणारा, तर लेक कंट्री कंपनीचा पिवळा कापणारा. पॅड बोटांनी दाबून बघायचा, आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड-दोन फूट चौकोनावर आधी पॅड-पॉलिशची सगळ्यात मऊ जोडी वापरायची. डाग निघाला नाही तर एक पायरी वर. सुरुवातच कडक पॅडने करणारा माणूस घाईत असतो.

मामांनी डीएच्या बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटवायच्या चकतीच्या) कडेला काळ्या मार्करने एक रेघ मारून ठेवली आहे. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली की समजायचं, हात जड पडतोय, मशिन नुसतं थरथरतंय, काप शून्य. प्लेट पॅडपेक्षा लहानच हवी, नाहीतर कड रंगाला लागते. दर चौकोनानंतर पॅडला ब्रश किंवा हवा मारायची, एका गाडीला पाच-सहा पॅड काढून ठेवायचे. भिजून जड झालेला पॅड तापतो, मधून फुगतो, व्हेल्क्रो सुटतं. मग म्हणायचं, पॅड डुप्लिकेट निघाला.

त्या दोन वर्षांत कागलचे एक सर तेवढे आमच्याकडंच यायचे. गाडी काळी व्हर्ना. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी गाडीवर बसायची आणि त्यांचा ड्रायव्हर रोज सकाळी ती कोरड्या फडक्याने पुसायचा. सगळ्या गाडीवर गोल गोल ओरखडे. सर स्वतः टॉर्च घेऊन यायचे, डोळ्याला चष्मा लावून दार-दार तपासायचे, एक रेघ दिसली तरी बोट ठेवायचे. लई त्रास दिला माणसानं. पण रंगाची जाडी मोजायचं मीटर घ्यायला पैसे कमी पडत होते, तेव्हा पुढच्या कामाचे आगाऊ पैसे त्यांनीच टेबलावर ठेवले. ड्रायव्हरला मात्र शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

त्या मीटरनं आमचं नाव वाचवलं. कंपनीचा सगळा रंग मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण चाळीस-पन्नास. उन्हापासून रंग सांभाळणारा तोच. आम्ही कामाआधीचा आणि नंतरचा आकडा प्रत्येक पॅनेलवर टेप चिकटवून लिहायला लागलो. फरक एक-दोन मायक्रॉनचा, कधी तीन. रंग कोण सोलतो ते गिऱ्हाइकाला आपोआप कळलं. समोरून आलेल्या गाड्यांची छपरं आम्ही मोजली आहेत. आकडे लिहीत नाही, भांडण नको.

काचेचं दुकान आता मोबाइलवाल्याकडं आहे. फोडलेल्या पोरांपैकी एक परत आला, मामांच्या हाताखाली पुन्हा टेप लावतोय. दुसऱ्यानं इचलकरंजीत स्वतःचं टाकलंय. परवा त्याचा फोन होता, लोकरीचे पॅड कुठून घेता म्हणून. सांगितलं नाही.

करेक्शनच्या, म्हणजे ओरखडे काढायच्या, कामाला गाडी किमान दोन दिवस ठेवावी लागेल. "सकाळी देतो, संध्याकाळी मिळेल का?" असं विचारणाऱ्यांनी वॉशिंग सेंटरला जावं, ती तीन आहेत आमच्या रस्त्यावर.