भिंतीवरची खूण कुणाची?

एम.ए.ला आता शोधप्रकल्प सक्तीचा झालाय. बहुतेक मुलं गुगलवरून एखादा किल्ला उचलतात, फोटो डकवतात आणि क्रेडिट घेऊन मोकळी होतात. यंदा माझ्याकडच्या एका गटानं मात्र 12 जुलै 1961 हा दिवस निवडला. सकाळी पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासला, आणि मुठा पुण्याच्या पेठांत शिरली. पाणी नेमकं कुठवर चढलं, त्याचा डिजिटल नकाशा करायचा होता, वाड्यांवरच्या खुणा आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ताडून.

जुना सिटी सर्व्हेचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा तर तेव्हाही होत्या आणि आजही आहेत अशा जागा लागतात. शनिवारवाड्याचे बुरूज, ओंकारेश्वर, नवा पूल. तेवढं मुलांनी झकास जमवलं. फजिती झाली ती उंचीत. फोनचं जीपीएस मुळात उंची धरतं ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि पुण्यात या दोहोंत साठेक मीटरचा फरक पडतो. काही ॲप तो दुरुस्त करून दाखवतात, काही नाहीत. एकाच पायरीवर दोन फोन धरले, तर एकाच्या मते नारायण पेठ मुठेच्या तळाच्याही खाली! शेवटी सिव्हिलवाल्या मित्राकडून ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, आणली. अरुंद बोळात तिवई रोवायची, स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी सरळ धरायची, मध्ये दुचाकी घुसली की थांबायचं. इतिहासाची मुलं बॅकसाइट-फोरसाइटची, म्हणजे मागच्या-पुढच्या वाचनांची, वही भरताना पाहून जे सुख झालं, ते कुठल्या सेमिनारात झालेलं नाही. विभागातल्या एकांनी विचारलं, "हा इतिहास की सर्वेक्षण?" ते स्वतः शेवटचे फील्डवर कधी गेले होते, हे विचारायचं मी टाळलं.

सगळ्यात चांगली खूण एका वाड्याच्या बोळाकडच्या भिंतीवर होती. ऑइलपेंटची आडवी रेघ, खाली तारीख. ती वाड्यात राहणाऱ्या आजींच्या यजमानांनी काढलेली. आजी मुलींना म्हणाल्या, "पाणी चढलं त्याचं काही नाही गं, उतरल्यावर चिखल उपसून जीव गेला. नदी घरात येऊन गेली, आणि नळाला थेंब नाही." मुलाखत रेकॉर्ड झाली, संमतिपत्रावर सही झाली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळीच आजींचे चिरंजीव नकाशाचा प्रिंट घेऊन विभागात हजर. वाड्याच्या पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत. "आईचा आवाज काढा आणि नकाशावरचा आमच्या वाड्याचा हा टिपकाही काढा. बोलणी फिसकटली तर तुम्ही भरून देणार का?"

मी समजावलं. जलसंपदा खात्याची निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. परवानगीसाठी त्या पाहतात, आमच्या टिपक्याला काडीचं वजन नाही.

"हे तुम्हाला कळतं हो सर, गिऱ्हाइकाला कळतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस वाईटही नव्हता. गळक्या छपराखाली आईला किती पावसाळे ठेवायचं, हा त्याचा सरळ प्रश्न होता. आजींना फोन लावला. "तो म्हणतो तसं करा बाळा, मला त्याच्याकडेच राहायचंय." संमती कधीही मागे घेता येते असं आमच्याच कागदावर छापलेलं. मुलाखत काढली.

टिपक्यावरून मात्र गटातली एक मुलगी अडून बसली. "सर, आवाज आजींचा, कबूल. पण रेघ बोळातून कुणालाही दिसते. मोजली आम्ही. ती त्यांची कशी?"

परीक्षा तासाभरावर आलेली. मी टिपका काढायला लावला आणि शेजारच्या दोन खुणांमधली रेषा तुटक करायला सांगितली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, "मोजमाप आहे, परवानगी नाही." परवानगीचा विषय त्यांनी ऐकून सोडून दिला, 'विदा (डेटा) अपुरी' म्हणून गुण कापले आणि सैद्धांतिक चौकट कुठाय असं विचारलं. उन्हात स्टाफ धरून उभ्या राहिलेल्या पोरांना!

मोजणीची वही माझ्या कपाटात आहे, त्या रेघेच्या आकड्यासकट. पुढच्या वर्षीच्या संमतिपत्रात मी मुलाखत, छायाचित्र आणि मोजमाप अशा वेगवेगळ्या चौकटी केल्यात. मुलीला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, भिंतीच्या मोजमापासाठी घरमालकाची सही घ्यायची, तर वाडा पाडल्यावर ती कुणाकडे मागायची, बिल्डरकडे?