ग्लो प्लगची तार बाहेर काढा, मग टर्बाइनला शिव्या द्या

तीन रविवार गेले माझे. भोसरीत मित्राची शेड आहे, तिथे टेस्ट स्टँडवर सेकंडहँड केजे-६६, म्हणजे मॉडेल विमानांचा छोटा जेट टर्बाइन, बांधून ठेवलाय, प्रोपेन गॅस पेटवून सुरू होणारा, आणि दर रविवारी तेच, स्टार्टर फिरतो, गॅसचा वास येतो, ईजीटीचा, म्हणजे मागून निघणाऱ्या वायूच्या तापमानाचा, आकडा मात्र ढिम्म हलत नाही. पहिल्या रविवारी बॅटरी बदलली, दुसऱ्या रविवारी ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) मेन्यूत शिरून नको तिथे हात घातला, तिसऱ्या रविवारी तर गॅसचा व्हॉल्व्हच खोलून बसलो. गॅस पेटवणाऱ्या ग्लो प्लगवर (आत करंटने तापणारी तार असते तो) संशय आलाच नाही कारण तो बाहेर काढून करंट दिला की मस्त लालबुंद व्हायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मित्राचे काका डिझेल गाड्यांचे जुने मेकॅनिक, चहा पीत बघत होते. म्हणाले, "अरे तुझा हा हीटर प्लग तापतोय, मान्य, पण गॅस पोचतोय का त्याच्यापर्यंत? तार तर विहिरीत उतरल्यासारखी आत बसलीये." मी भिंग घेऊन बघितलं आणि गप्प बसलो.

बरोबरच होतं त्यांचं. आपण टर्बाइनला जो प्लग लावतो तो मुळात मेथॅनॉलवर चालणाऱ्या छोट्या पिस्टन इंजिनांचा. तिथे पिस्टन वर येताना मिक्श्चर दाबून प्लगच्या त्या खोबणीत कोंबतो, शिवाय प्लॅटिनमच्या तारेवर मेथॅनॉलची रिॲक्शन होत राहते त्यामुळे बॅटरी काढली तरी तार तापलेलीच राहते. टर्बाइनमध्ये यातलं काहीच नाही, स्टार्टच्या वेळी नुसती मंद हवा आणि गॅस बाजूने वाहत जातात, खोबणीतली हवा आपली जागच्या जागी, तार कितीही तापू दे. आणि एकदा आग लागली की ती आपोआप चालू राहते, प्लग बंद होतो, म्हणजे पूर्ण फ्लाइटमध्ये त्याचं काम काही सेकंदांचं. म्हणूनच त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नसावं.

तर काम असं की तार थोडी बाहेर ओढायची. प्लग साधा घ्या, तोंडावर आडवी पट्टी असते तसला नको. तारेचं आतलं टोक मधल्या खांबाला आणि बाहेरचं टोक बॉडीच्या काठाला जोडलेलं असतं, त्यामुळे टोकाला अजिबात हात लावायचा नाही, बारीक शिवणाची सुई दुसऱ्या-तिसऱ्या वेटोळ्यात अडकवायची आणि अगदी हळू, श्वास रोखून वगैरे, बाहेर खेचायची. दोन-तीन वेटोळी काठाच्या बाहेर आली, साधारण २-३ मिमी, की थांबा. मी पहिला प्लग हावरटपणाने ओढला आणि आतला जोडच तुटला. वेटोळी एकमेकांना चिकटायला नकोत आणि बॉडीला तर नकोतच, चिकटली की तेवढा भाग शॉर्ट होतो, तिथे तार काळी राहते आणि उरलेल्या भागावर सगळा भार येतो.

मग करंट. दुसरा प्लग मी दोन सेलच्या लायपो बॅटरीला डायरेक्ट लावला, घाईत, एक पांढरा चमकारा आणि खेळ खल्लास 😅 हे प्लग दीड व्होल्टच्या आसपासचे, ३ अँपियर वगैरे खाणारे. ईसीयूमध्ये प्लग पॉवरचं सेटिंग असतं ते सगळ्यात खाली आणून हळूहळू वाढवा आणि रंग बघा. लाल कमी पडतो, पिवळ्याकडे झुकणारा चकचकीत केशरी हवा, पांढऱ्याकडे गेला की मागे या. मीटरवर फार विसंबू नका, कारण ईसीयू बॅटरीचा करंट तोडून तोडून देतो, मीटर नुसती सरासरी दाखवतो. आणि हे सगळं इंजिनात जी वायर वापरणार तीच लावून करा, ०.१ ओहमची वायर असली तरी ३ अँपियरला ०.३ व्होल्ट तिथेच गेले, म्हणजे दीडमधला पाचवा हिस्सा.

आता माझी आवडती टेस्ट. प्लग तापलेला असताना त्यावर हळू फुंकर मारा. बाहेर आलेली तार हवेने लवकर गार होते, टेबलावर केशरी दिसणारी तार स्टार्टरच्या वाऱ्यात विझल्यासारखी होते. फुंकर मारूनही केशरी राहिली तर पास. नाहीतर एक टप्पा पॉवर वाढवा, पण फुंकर थांबल्यावर पांढरी होत नाही ना तेही बघा.

इंजिनात बसवताना वॉशरकडे लक्ष द्या, एकावर एक दोन घातले तर तार परत मागे सरकते, एवढी मेहनत पाण्यात. आणि पेटत नाही म्हणून गॅस वाढवत बसू नका, हवेत प्रोपेन साधारण २ ते साडेनऊ टक्के असेल तरच पेटतो, जास्त झाला तरी पेटत नाही. माझा तर शेवटी गॅस कमी केल्यावर लागला. थोड्या सेकंदात नाही पेटला तर गॅस बंद, स्टार्टर फिरवून आतला गॅस हाकलायचा, मगच पुढचा प्रयत्न, नाहीतर साठलेला गॅस एकदम पेटतो आणि मागून भडका येतो. आग विझवायचा सीओटूचा सिलिंडर हाताशी हवाच, पावडरवाला मारलात तर आग विझेल पण बेअरिंगं गेली.

चौथ्या रविवारी स्टार्टर फिरला, दोन सेकंदांनी "भप्प" असा मऊ आवाज आला आणि ईजीटी चढायला लागला. काका म्हणाले, "एवढ्यासाठी तीन रविवार?" मी काही बोललो नाही. आता डब्यात तार ओढून, फुंकर मारून पास केलेले तीन प्लग तयार असतात, प्रत्येकाच्या पुडीवर पॉवरचा आकडा लिहिलेला, कारण हाताने ओढलेले दोन प्लग कधीच सारखे नसतात.